दगड एकच, पण राजस्थानात भरपाई आणि जालन्यात टीबीच्या गोळ्या

जालना म्हटलं की लोक म्हणतात, स्टील आणि बियाणं. आपल्या गावची सळई लांब-लांब जाते, याचा मलाही अभिमान आहे. पण ती सळई व्हायच्या आधी गावात एक पांढरी पूड येते. तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. पोस्ट जरा मोठी आहे, पण पूर्ण वाचा.

गेल्या महिन्यात भोकरदन तालुक्यात एका घरी गेलो होतो. पंचेचाळिशीचा माणूस, माझ्याच वयाचा. ओट्यावरून उठून दारापर्यंत आला तर धाप लागली. बारा वर्षं एका कारखान्यात भट्टीवर काढलेली. नाव, गाव, कारखाना लिहीत नाही, कारण त्याचा भाऊ अजून तिथंच कामाला आहे. म्हणाला, "भाऊ, टीबीच्या गोळ्या दोनदा झाल्या. थुंकीत काहीच निघत नाही म्हणतेत. मंग मला झालंय काय?"

मी विचारलं, काम काय होतं? "जुनं लायनिंग फोडायचं, नवं भरायचं."

मी डॉक्टर नाही, त्याला काय झालंय ते मी सांगू शकत नाही. पण दोनदा गोळ्या देताना एकाही डॉक्टरने त्याला हा प्रश्न विचारला नव्हता. माझा राग तिथून सुरू होतो.

आता पुडीबद्दल. भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीला आतून अस्तर लागतं. ते ज्या मालाचं करतात त्याला रॅमिंग मास म्हणतात, म्हणजे क्वार्ट्झ दगडाची पूड, जवळजवळ निव्वळ सिलिका. अस्तर झिजलं की फोडून काढायचं आणि कोरडी पूड ओतून, ठोकून नवं बसवायचं. यातली जी बारीक धूळ डोळ्याला दिसतही नाही, तीच फुफ्फुसात खोल जाऊन बसते. नाकाला बांधलेल्या रुमालाने ती अडत नाही. या आजाराचं नाव सिलिकोसिस. तो बरा होत नाही. काम सोडलं तरी वाढू शकतो. वर अशा रोग्याला टीबीही लवकर धरतो, म्हणून टीबी निघाला तरी तपास तिथं थांबवायचा नसतो.

लोक म्हणतात, सिलिकोसिस खाणवाल्यांना होतो, आपला दगड काळा, बेसाल्टचा. खरं आहे, बेसाल्टमध्ये मोकळी सिलिका कमी असते. पण भट्टीत आपला दगड नसतोच, साहेब! हा क्वार्ट्झ मोठ्या प्रमाणात राजस्थानातून येतो.

त्याच राजस्थानात २०१९ पासून सरकारचं धोरण आहे. सिलिकोसिसचा दाखला मिळाला की ३ लाख रुपये, मृत्यूनंतर वारसांना २ लाख, शिवाय दरमहा पेन्शन. खाणीतल्यालाही आणि कारखान्यातल्यालाही. दगड तोच, धूळ तीच. तिकडचा मजूर आजारी म्हणून सरकारी कागदावर येतो. आपला माणूस बिननावाचा आजार घेऊन ओट्यावर बसतो.

आपल्या नंदुरबारला लागून असलेल्या अलीराजपूरचे आणि झाबुआ, धारचे आदिवासी गुजरातेत गोध्रा भागात क्वार्ट्झ दळायच्या कारखान्यांत गेले आणि छाती भरून परत आले. नोकरीचा कागद बहुतेकांकडे नव्हता. २००६ मध्ये याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. मे २०१६ मध्ये न्यायालयाने गुजरात सरकारला २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख द्यायला सांगितलं. दहा वर्षं लागली! जालन्यानेही माणसं मेल्यावरच हिशोब मांडायचा का?

भरपाई विचारायला गेलं की ठरलेलं उत्तर येतं, "तो आमचा नाही, गुत्तेदाराचा माणूस आहे." हे उत्तर कायद्यात चालत नाही. १९२३ च्या भरपाई कायद्यानुसार गुत्तेदाराच्या मजुराची जबाबदारी मूळ मालकावरही येते, आणि सिलिकोसिस त्या कायद्याच्या यादीत आहे. ईएसआयमध्ये नाव असेल तर पैसे ईएसआयने द्यायचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता आल्या, कायद्यांची नावं बदलली, पण सिलिकोसिस यादीत कायम आहे. कारखान्याने आणि डॉक्टरने असा रोगी कळवायचा, हे बंधनही जुनंच आहे. पण तू काम काय करतोस हेच कुणी विचारत नसेल, तर कळवणार काय?

"धंदा बंद पाडायचाय का?" असं कुणीतरी खाली लिहीलच. नाही. हजारो घरं या भट्ट्यांवर चालतात, मला माहीत आहे. म्हणूनच मागणं साधं आहे. टीबीच्या प्रत्येक रोग्याला काम आणि कामाची वर्षं विचारून कार्डावर लिहा. जालन्यात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं महिन्यातून एक दिवस धुळीच्या आजाराची तपासणी ठेवा. अस्तराचं काम करणाऱ्यांना रुमाल नको, खरा मास्क आणि धूळ ओढणारं यंत्र द्या. गुत्तेदाराच्या मजुरांसकट सगळ्यांच्या छातीचे फोटो दरवर्षी काढा आणि प्रत त्यांच्या हातात द्या. आणि मुंबईत बसलेल्या आपल्या आमदारांनी राजस्थानसारखं धोरण महाराष्ट्रासाठी मागावं. उद्योगाला सवलती मागता, तेव्हा तुमचा आवाज मोठा असतो. तोच इथं लावा.

भट्टीवर काम केलेल्यांना एकच सांगणं. गेटपास, हजेरी कार्ड, बँकेचं पासबुक, जुने छातीचे फोटो, काही म्हणजे काही फेकू नका. दवाखान्यात गेलात तर डॉक्टरने विचारो न विचारो, "मी भट्टीचं लायनिंग करायचो" हे आधी सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. उद्या भरपाईसाठी तोच पहिला पुरावा ठरेल.

घरात, गल्लीत असा कुणी असेल तर मला इनबॉक्समध्ये कळवा. नाव छापणार नाही. पण किती जण आहेत, हे तरी मोजू.