मोडीत काढण्याआधी

नवरात्राचे घट बसायच्या आधी आपल्या भागात ‘दसरा काढतात’. गोधड्या, वाकळा, सतरंज्या धुवायच्या, भिंती झाडायच्या, फडताळातली भांडी उतरवून घासायची. पुण्या-मुंबईच्या माणसाला दसरा काढणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं, भालकी-औरादच्या बाईला लागत नाही. वर्षातून एकदा घरातली प्रत्येक वस्तू हातात घ्यायची, हा रिवाज मोठा शहाणपणाचा होता. हातात घेतली की कळायचं, हे फाटलं, हे गळतंय, हे कुणाला तरी देऊन टाकावं.

दसरा आपण आजही काढतो, पण माळ्यावर कुणी चढत नाही. तिथे बंद पडलेला मिक्सर असतो, लेकरांची पाळण्यातली खेळणी असतात, तीन लग्नांत आलेले स्टीलचे डबे असतात. मराठीत आपण म्हणतो, ‘असू दे, लागतं कधीतरी’. कन्नडमध्ये म्हणतो, ‘इर्लि बिडु, बेकागतद’. दोन भाषांच्या घरात अडगळीला दोन वकील मिळतात, त्यामुळे ती खटला कधी हरत नाही.

ही अडगळ खाली उतरते ती मोठ्या प्रसंगी. नोकरीतून निवृत्ती, वाड्याच्या वाटण्या, माळवदाचं घर पाडून स्लॅबचं बांधणं, नाहीतर घरातलं मोठं माणूस जाणं. मुलं बेंगळुरू, पुणे, हैदराबादहून रजा काढून येतात. तेराव्याचं गोड जेवण झालं की चार दिवस हाताशी उरतात आणि त्या चार दिवसांत चाळीस वर्षांचा संसार निकालात काढायचा असतो. दारात टेम्पो उभा, भंगारवाला तराजू घेऊन बसलेला. अशा वेळी दोनच गोष्टी होतात. एक तर सगळं बांधून नेलं जातं आणि अडगळ फक्त गाव बदलते. नाहीतर सगळं किलोवर जातं.

जगभर या आवराआवरीवर पुस्तकं निघाली आहेत. जपानच्या मारी कोंडो या बाईंचं पुस्तक तर किती भाषांत गेलं. त्यांची कसोटी सोपी आहे. वस्तू हातात घ्या, मनाला आनंद झाला तर ठेवा, नाहीतर तिचे आभार मानून निरोप द्या. साड्या, डबे, शोभेच्या वस्तू यांना ही कसोटी उत्तम लागू पडते, मी स्वतः वापरली आहे. पण कागदांच्या बाबतीत त्यांचा कल जवळजवळ सगळेच टाकून देण्याकडे आहे. इथे मात्र मी बिदरची आहे हे मला आठवतं. शेतसाऱ्याची पावती हातात धरून कुणाला आनंद होणार? पण ती टाकली तर रडायची पाळी येऊ शकते.

आपल्या जिल्ह्यांची गोष्टच निराळी आहे. आपली माणसं जागची हलली नाहीत, राज्यं मात्र त्यांच्यावरून सरकत गेली. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, मग भारतातलं हैदराबाद राज्य, १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर राज्य, १९७३ पासून कर्नाटक. गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं २०१४ साली, तर हैदराबाद-कर्नाटकाचं कल्याण कर्नाटक २०१९ साली. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. त्यामुळे जुन्या कागदावर ‘उदगीर, जिल्हा बिदर’ असं दिसलं तर ती चूक समजू नका. आजोबांचा कागद उर्दूत, पणजोबांचा मोडीत, वडिलांचा मराठीत, आपला कन्नडमध्ये आणि मुलांचा इंग्रजीत, अशी पाच लिपींची ट्रंक आपल्याकडे पुष्कळ घरांत निघते.

ती ट्रंक मुलांना रद्दी वाटते, कारण त्यांना ती वाचता येत नाही. यात त्यांचा दोष नाही. पण वाचता येत नाही म्हणून टाकायचं, हा हिशेब महागात पडतो. आमच्या गल्लीतल्या एका घरी वडील गेल्यावर जुने कागद वर्तमानपत्रांबरोबरच वजनावर गेले. पुढे पुण्यात वाढलेल्या नातवाला कलम ३७१-जे खाली पात्रता प्रमाणपत्र काढायचं ठरलं. आपल्या भागातल्या लोकांना नोकरीत आणि शिक्षणात राखीव जागा मिळाव्यात म्हणून २०१२ साली ९८वी घटनादुरुस्ती मंजूर झाली, तिच्यातूनच हे प्रमाणपत्र आलं. घराणं इथलंच आहे हे दाखवायला वडिलांच्या शाळेचा दाखला हवा होता, आणि तो त्याच गठ्ठ्यात गेलेला. नवी नक्कल मिळेपर्यंत त्या पोराच्या किती खेपा झाल्या, ते त्याच्या आईलाच विचारावं.

पलीकडेही तेच. महाराष्ट्रात २०२३ साली नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यातल्या कुणबी नोंदींसाठी निजामकाळातले उर्दू आणि मोडीतले कागद धुंडाळले. त्या वेळी उदगीरकडच्या पाव्हण्यांचे माझ्या आईला फोन यायला लागले, ‘वहिनी, अण्णांच्या ट्रंकेत आमच्याकडचं काही असेल का बघा की.’ कागद निघो न निघो, ट्रंकेला एकदम मान मिळाला.

अण्णा म्हणजे आमचे वडील. ते गेल्यावर आईने भालकी तालुक्यातलं घर बंद करून कलबुर्गीला माझ्याकडे यायचं ठरवलं. सात खणांच्या घरातून दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. मी आणि माझी भावजय आवरायला गेलो. भावजय धारवाडची, माहेर कन्नड. पहिल्या दिवशी मी एकेक वस्तू उचलून आईला विचारायची, ‘हे हवंय का?’ आईचं उत्तर ठरलेलं, ‘असू दे.’ संध्याकाळपर्यंत ठेवायचा ढीग छताला टेकला.

दुसऱ्या दिवशी भावजयीने विचारायला सुरुवात केली. तिचा प्रश्न मात्र वेगळा होता, ‘अत्ते, इदु यारदु?’ म्हणजे हे कुणाचं? आई खाली बसली आणि सांगायला लागली. हे घंगाळ माझ्या सासूबाईंच्या माहेरचं. ही परात वाटणीत आली, खरं तर धाकट्या जावेची. हा पितळी डबा मी भिशीच्या पैशांतून घेतला. सांगून झालं की आपणच म्हणायची, ‘हे जावेच्या सुनेला देऊन टाका. हा डबा मोडा, बूड गेलंय त्याचं.’ दुपारपर्यंत निम्मं घर मोकळं झालं.

‘हवंय का’ या प्रश्नात, नाही म्हणालात तर टाकू, असा दम असतो. म्हाताऱ्या माणसाला तो बरोबर ऐकू येतो. नवरा गेला, घर चाललं, आता भांडंही चाललं, असं वाटून ती माणसं प्रत्येक वस्तू घट्ट धरतात. ‘हे कुणाचं’ विचारलं की त्या घराची मालकीण ती आहे हे आपण मान्य करतो. मग सोडायचं तेही तीच ठरवते. स्वीडनमध्ये म्हणे माणसं म्हातारपणी आपल्या हातानेच आपला पसारा आवरत जातात, मागच्यांना त्रास नको म्हणून. मार्गारेटा मॅग्नुसन या बाईंनी २०१७ साली त्यावर पुस्तक लिहिलं. आपल्याकडे मरणाचं नाव काढून कुणी आवरायला बसणार नाही. पण हे कुणाचं, एवढं विचारायला कुणाची हरकत असणार?

अण्णांची ट्रंक आम्ही शेवटी उघडली. तिच्यात उर्दूतले कागद होते. शेजारचे निवृत्त उर्दू शिक्षक चष्मा लावून आले आणि अर्ध्या तासात वाचून दिले. एक शेताच्या पैमाशीचा, दोन पावत्यांचे. सनाच्या जागी १३५७ फसली. फसली सनात साधारण ५९० मिळवले की आपला इसवी सन येतो, म्हणजे १९४७-४८, ऐन रझाकारांचं वर्ष. महिन्यांची नावंही आजूर, दै, बहमन अशी. एका लग्नाच्या वहीत आहेराचे आकडे हाली सिक्क्यात होते. हे निजामाचे रुपये, सात हाली म्हणजे सहा भारतीय रुपये असा भाव होता, आणि १९५९ साली ते पुरते बंद झाले. त्या आहेराच्या यादीत उदगीर, देगलूर, जहिराबाद, हुमनाबाद अशी गावं एका खाली एक होती. आज त्यांच्यात तीन राज्यं झाली आहेत. त्या वहीकडे बघून माझा भाचा म्हणाला, ‘अज्जी, एवढ्या लांबून लोक आले होते?’ आई म्हणाली, ‘लांब कुठलं रे, सगळं शेजारीच होतं.’

तर ज्यांच्या घरी अशी वेळ आलेली आहे किंवा येऊ घातली आहे, त्यांच्यासाठी अनुभवाचे चार शब्द.

सुरुवात ट्रंकेपासून करू नका, स्वयंपाकघरापासून करा. तिथे मन कमी गुंततं आणि हात मोकळा होतो. ढीग चार करा. ठेवायचं, द्यायचं, मोडायचं आणि विचारायचं. चौथा ढीग सगळ्यात महत्त्वाचा, आणि मोठं माणूस समोर बसल्याशिवाय त्याला हात लावू नका.

तांब्या-पितळेचं मोडीत घालण्याआधी एकदा नीट बघा. काळं पडलेलं, जड, निस्तेज असं एखादं पानदान, सुरई किंवा फुलदाणी निघाली तर ती बिदरी असू शकते. जस्त-तांब्याच्या मिश्र धातूवर चांदीचं काम आणि बिदरच्या किल्ल्यातल्या मातीने आणलेला काळा रंग. तो काळा थर म्हणजे मळ नव्हे. चिंच, लिंबू, पितांबरी लावून घासाल तर कामाची शोभा जाईल. मऊ फडक्याने पुसा, तेलाचा किंचित हात फिरवा, आणि खाली पाडू नका, ती तडकते.

कागदांना ऊन लागू द्यायचं नाही, मोकळी हवा लागू द्यायची. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, दोन्हींनी जुना कागद कायमचा जातो. दिवसाच्या उजेडात मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि ते किमान दोघांकडे ठेवा. शाळेचे दाखले, जन्म-मृत्यूचे दाखले, पहाणी, सेतवार, वाटणीपत्र, खरेदीखत, नोकरीचे आदेश, यांना हात लावायचा नाही. वाचता येत नाही तो कागद टाकायचा नाही, वाचणारा शोधायचा. उर्दूसाठी आपल्याला शेजार पुरतो. मोडीसाठी पलीकडे लातूर-सोलापूरकडे जाणकार मिळतात, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थाही आहेत.

जुनी पासबुकं सापडली तर फेकू नका. दहा वर्षं हात न लागलेली ठेव बँक रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करते, पण वारसांचा हक्क तिथेही राहतो. अशा ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेने २०२३ साली ‘उद्गम’ नावाची सोय सुरू केली. घरातल्या कॉलेजच्या पोराला सांगा, नाव घालून बघून देईल.

आणि फोटो. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि नातं लिहून ठेवा. मराठीत लिहा नाहीतर कन्नडमध्ये, पण लिहा. अज्जी ओळखते म्हणून तो फोटो आहे, अज्जी गेली की तो नुसता कुणाचा तरी फोटो होतो.

बाकी सगळ्याला खुशाल निरोप द्या. प्लास्टिकचे डबे, तुटके पंखे, आहेरात आलेले आणि आहेरात न गेलेले कपडे, मनावर काहीही ओझं न ठेवता काढा. भांडं मोडलं तर बाजारात दुसरं मिळतं. मोडीतला कागद वाचणारा मिळतो, उर्दू वाचणाराही मिळतो. पण हे कुणाचं, या प्रश्नाचं उत्तर देणारं माणूस घरात एकच असतं, आणि ते आज समोरच्या पलंगावर बसलेलं असतं. या रविवारी एक ट्रंक खाली उतरवा आणि त्यांच्यापुढे ठेवा. आधी चहा करा, वेळ लागणार आहे.