जवाचे मौन

होमात ज्या यवाची आहुती पडते, त्याच जवाची फिनलंडात व्होडका होते, हे ऐकून आमच्या काही देवस्थानी स्नेह्यांच्या कपाळास आठ्या पडल्या. मद्याचा पुरस्कार आम्हांस करावयाचा नाही. प्रश्न नावाचा आहे, आणि तो वकिलाच्या प्रांतातला आहे.

कोस्केनकोर्वा गावच्या कारखान्यात जव दळून शिजवतात. विकरांच्या योगे त्यातील पिष्टाची साखर होते, किण्वाने साखरेचे मद्य होते. उंच स्तंभांतून ऊर्ध्वपातन होता होता ते शेकडा ९६ पर्यंत चढते, मग पाणी घालून त्यास उतरवतात. जाणकार म्हणतात, तरीही धान्याची किंचित गोडसर छटा उरते. राय धान्याची व्होडका त्यामानाने तिखट लागते.

आता युरोपीय संघाचा २००८ चा विनियम पाहा. (२०१९ च्या विनियमानेही हेच कायम ठेवले.) व्होडकेत कच्च्या मालाचे गुण कमी केलेले असावेत, असे तो सांगतो. द्राक्षांपासून ती केली तर तसे बाटलीवर छापणे सक्तीचे. जवापासून केली तर मौन चालते! द्राक्षांच्या मद्यास हे नावच नको, असा फिनलंड, स्वीडन व पोलंड यांचा आग्रह होता. त्यातून निघालेली ही तडजोड. मूळ पदार्थ पुसलाच जात असेल, तर द्राक्षावरच ही सक्ती का? आणि पुसला जात नसेल, तर जवास सूट कोणत्या न्यायाने?

आमची काजूफेणी निदान आपल्या दर्पानेच आपले कुळ सांगते. तरी गोव्याचा कायदा तिला २०१६ पर्यंत 'देशी दारू'तच मोजत होता. द्राक्षास लावलेला नियम जवासही लावावा, एवढेच आमचे मागणे आहे.