मुंबईत काय विचारलंत, आमदारसाहेब?

तालुक्याच्या गावी आमदारांच्या संपर्क कार्यालयात सकाळी नऊला जाऊन बसलं, की आपलं राज्य कुठे कुठे अडलंय ते तासाभरात कळतं. कुणाला मुंबईच्या रुग्णालयात खाट मिळावी म्हणून पत्र हवं असतं. कुणाचं रेशनकार्ड तहसीलमध्ये अडकलेलं असतं, कुणाच्या मुलीचं नाव वसतिगृहाच्या यादीत आलेलं नसतं. लेटरहेडचा गठ्ठा पुढ्यात घेऊन पीए एकामागून एक पत्रं टाइप करत असतो. आमदार मात्र अजून यायचे असतात, कारण सकाळीच एका घरी दहाव्याला जाऊन ते पुढे दोन लग्नं गाठणार असतात.

मध्यंतरी मी बसलो होतो तेव्हा एक वयस्क शेतकरी आले. खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत. "दादा, आठ दिस झालं डीपी जळून. हिरीला पाणी हाय, पण मोटारच चालंना. डाळिंब वाळाय लागलीया." आमदारांनी तिथल्या तिथे वीज कंपनीच्या अभियंत्याला फोन लावला. सूर नरम होता, पण शब्द पक्के होते. परवापर्यंत डीपी बसेल, असं उत्तर आलं. म्हाताऱ्यांनी हात जोडले आणि ते निघाले.

या कामाला नावं ठेवणाऱ्यांचं मला पटत नाही. ज्याने सरकारी कचेरीच्या दारात कधी दिवस काढलेला नाही, त्यालाच आमदाराचा एक फोन किरकोळ वाटतो. बाग वाळत असेल तेव्हा तो फोन म्हणजे वर्षाचं पीक असतं. तरीही त्या दिवशी घरी येताना एक गोष्ट मनातून जाईना. या फोनने एक डीपी बसेल. पण ज्यांची आमदाराशी ओळख नाही, ज्यांना तालुक्याला यायला भाडं परवडत नाही, त्यांच्या डीपीचं काय?

त्यासाठीच तर आपण आमदाराला मुंबईला पाठवतो. तीच डीपी विधानसभेत तारांकित प्रश्न होऊन जाते, तेव्हा तिची ताकद वेगळी असते. प्रश्नाचा साचा ठरलेला आहे, आणि त्यात डीपीला रोहित्र म्हणतात. अमुक तालुक्यातली जळालेली रोहित्रं वेळेत बदलली जात नाहीत, हे खरे आहे काय; असल्यास, याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली; नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? वाचायला कोरडा, पण या साच्याने फार मोठं यंत्र हलतं. मंत्रालयातून वीज कंपनीकडे, तिथून मंडळ, विभाग, उपविभाग असं विचारत विचारत पत्र खाली येतं. किती रोहित्रं जळाली, किती बदलली, किती पडून आहेत, हे कुणाला तरी मोजावं लागतं. मग प्रश्नोत्तराच्या तासात मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागतं. "हे अंशतः खरे आहे," असं छापील उत्तर आलं, तर खरी लढत उपप्रश्नांत होते, कारण दुसऱ्या जिल्ह्यांचे आमदारही उठतात आणि आमच्याकडेही हेच आहे म्हणतात. मंत्र्यांनी तिथे दिलेलं आश्वासन हवेत विरत नाही; ते पुरं झालं की नाही, हे पाहायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. प्रश्नाने भागलं नाही तर लक्षवेधी आहे, अर्धा तास चर्चा आहे, मंत्री नसलेल्या आमदाराने स्वतः मांडायचं अशासकीय विधेयक आहे.

यातल्या शेवटच्या हत्याराचं मोल मृणाल गोरे यांनी दाखवून दिलं. गोरेगावातल्या बायकांबरोबर पाण्यासाठी रस्त्यावर उतरून त्या 'पाणीवाली बाई' झाल्या. १९६१ मध्ये मुंबई महापालिकेत गेल्या, १९७२ मध्ये विधानसभेत. त्याच काळात अहिल्या रांगणेकरांसोबत महागाईविरुद्ध लाटणं हातात घेतलेल्या बायकांचे मोर्चे त्या काढत होत्या. १९८५ मध्ये त्या पुन्हा विधानसभेत आल्या, तेव्हा मुंबईत गर्भजल तपासून मुलगी असेल तर गर्भ पाडण्याचा धंदा राजरोस चालला होता. स्त्री चळवळीतल्या कार्यकर्त्या आणि काही डॉक्टर त्याविरुद्ध आवाज उठवत होते. मृणालताईंनी तो आवाज उचलला आणि १९८६ मध्ये अशासकीय विधेयक मांडलं. असली विधेयकं सहसा मंजूर होत नाहीत, त्यांचंही झालं नाही. पण सरकारला त्या विषयावरून आता अंग काढून घेता येईना, आणि १९८८ मध्ये सरकारने स्वतःच कायदा आणला. गर्भलिंग निदानावर बंधन घालणारा देशातला तो पहिला कायदा. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. बाहेरची चळवळ नसती तर सभागृहात बोलायला आधार नसता, आणि सभागृहात बोलणारं कुणी नसतं तर चळवळीच्या मागणीचा कायदा व्हायला आणखी किती वर्षं गेली असती, कोण जाणे.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख तर दोन्हीकडे पाय रोवून उभे असत. १९६२ पासून अकरा वेळा ते आमदार झाले, मधे १९७२ आणि १९९५ मध्ये हरले, पण शेतकरी कामगार पक्ष सोडला नाही आणि सांगोलाही सोडलं नाही. एसटीने फिरणारे आबासाहेब म्हणून त्यांचं कौतुक होतं, आणि ते रास्तच आहे. मला मात्र त्यांची पाण्याची चिकाटी अधिक मोठी वाटते. नागनाथअण्णा नायकवडींबरोबर ते आटपाडीच्या पाणी परिषदेत तेरा दुष्काळी तालुक्यांच्या शेतकऱ्यांमध्ये बसत, आणि कृष्णेच्या पाण्याची तीच मागणी सभागृहात घेऊन जात. वर्षानुवर्षं, सरकार कुणाचंही असो.

आज आपण आमदाराला कशावरून जोखतो? किती सभामंडप बांधले, किती रस्ते केले, घरच्या कार्याला आला की नाही. आमदार निधी वर्षाला पाच कोटींचा आहे आणि त्यातल्या पै-पैचा हिशेब आपण विचारतो. तोच आमदार सुमारे सात लाख कोटींच्या राज्य अर्थसंकल्पावर हात वर करतो. त्या वेळी तो काय बोलला, हे मात्र आपल्यातलं कुणी विचारत नाही. मग त्यानेही सभागृहात बसून राहावं तरी कशासाठी? नागपूरचं हिवाळी अधिवेशन आठवडा-दोन आठवड्यांत आटोपतं. तिकडे मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर अंगणवाडी सेविका आणि विनाअनुदानित शिक्षक थंडीत बसून असतात. आपल्या मागण्यांवर आत कुणीतरी बोलेल, एवढीच त्यांची आशा असते. अधिवेशन एका दिवसाने आखडलं की त्यांचा एक दिवस जातो. याची मला चीड येते, आणि ती फक्त सरकारवर नाही.

विधानसभेचं कामकाज छापलं जातं, प्रश्नांच्या याद्या निघतात, त्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. गावागावांतल्या वाचनालयांनी आणि शेतकरी गटांनी दर अधिवेशनानंतर आपल्या आमदाराच्या नावापुढचे प्रश्न काढावेत, त्यांची उत्तरं वाचावीत आणि आमदार गावात आले की तो कागद समोर ठेवावा. अंशतः खरे म्हणजे नेमकं किती खरं, ते त्यांना विचारावं. आणि यादीत त्यांचं नावच नसेल, तर पुढच्या अधिवेशनासाठीचा प्रश्न गावानेच लिहून त्यांच्या हाती द्यावा.