भिंतीवरचे चित्र आणि अंधारातले चित्र

छायाचित्र चौकटीत घालून भिंतीस लावावे, पाहणाऱ्याने त्यासमोर हवा तितका वेळ उभे राहावे आणि मग पुढल्या चित्राकडे वळावे, हीच काय ती सभ्य रीत, असे मानणारा एक पक्ष रसिकांत आहे. अमेरिकन छायाचित्रकार नॅन गोल्डिन यांचे ‘धिस विल नॉट एंड वेल’ हे प्रदर्शन या पक्षास रुचणे कठीण. २०२२ साली ते स्टॉकहोमच्या मॉडेर्ना म्यूझिएटमध्ये उघडले, पुढे ॲम्स्टरडॅम व बर्लिन येथे गेले. वास्तुकार हाला वार्दे यांनी त्यातील प्रत्येक कृतीसाठी निराळी वास्तू रचली. आत अंधार, पडदा, संगीत. आणि फिल्मवर टिपलेली चित्रे एकामागून एक सरकत जातात.

आक्षेप असा की, हा नाटकगृहाचा मार्ग झाला. प्रेक्षकास उजेडाने व आवाजाने चोहोंकडून वेढले की त्याचा विवेक झोपी जातो. व्हॅन गॉगची सूर्यफुले छतावर आणि जमिनीवर नाचविणारे जे खेळ निघाले आहेत, त्यांच्यापुरता हा आक्षेप आम्हांस अक्षरशः मान्य आहे. त्या बिचाऱ्याने ती छतासाठी काढली नव्हती. गोल्डिनबाईंची गोष्ट मात्र नेमकी उलट आहे. हाताशी अंधारखोली नाही म्हणून त्या १९७० नंतरच्या दशकात स्लाइडवर चित्रे घेऊ लागल्या. स्लाइडला निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यातून निघालेली फिल्म तेच चित्र. ते चारचौघांस दाखवावयाचे तर दिवा, पडदा आणि काळोख हवाच. न्यूयॉर्कच्या नाइट क्लबांत त्या स्वतः यंत्र चालवीत, आणि समोर बसलेल्यांत चित्रांतलीच माणसे असत. ‘द बॅलड ऑफ सेक्शुअल डिपेंडन्सी’ ही सुमारे ७०० चित्रांची माला अशी वाढली; भिंत तिला मागाहून लाभली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या पटवर्धनांनी शांबरिक खरोलिकेचे खेळ केले. त्यांतल्या काचा भिंतीस टांगल्या असत्या, तर खेळ पाहिला असे कोणी म्हटले असते काय?

चित्र पुरते पाहावयास वेळ मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. पण या मालेतली कित्येक माणसे एड्सने गेली. लेखिका व अभिनेत्री कुकी म्यूलर १९८९ साली वारली. चेहरा ओळखीचा होतो न होतो तोच पडद्यावरून जातो, आणि त्यास परत बोलावता येत नाही. भिंतीपुढे उभा असलेला रसिक हे चुकवू शकतो. अंधारात बसलेल्यास ती सोय नाही.

‘सायरन्स’विषयी मात्र आम्ही वकिली करणार नाही. इतरांच्या चित्रपटांतले तुकडे जोडून केलेली ती कृती आहे; तेथे आक्षेपकांनी खुशाल नाक मुरडावे.

‘सिस्टर्स, सेंट्स, सिबिल्स’ या कृतीपुढे त्यांचे काय चालणार? २००४ साली ती पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयाच्या प्रार्थनामंदिरात प्रथम मांडली गेली. वेड्या आणि वाईट चालीच्या ठरविलेल्या बायकांस सतराव्या शतकापासून जेथे कोंडीत, ती ही जागा. तीन पडद्यांवर तीन आयुष्ये: बापाने बुरुजात कोंडलेली संत बार्बारा, गोल्डिनबाईंची थोरली बहीण बार्बारा, आणि त्या स्वतः. बहीण बंडखोर म्हणून तिला निरनिराळ्या संस्थांतून ठेवले. १९६५ साली अठराव्या वर्षी तिने आत्महत्या केली. नॅन तेव्हा ११ वर्षांच्या होत्या. मुलांना अपघात म्हणून सांगावे, अशी घरात भाषा झाली.

सभ्य रीतीचा आग्रह धरणाऱ्यांनी आपल्या घरचे अल्बम एकदा उघडावेत. त्यांत बारसे आहे, मुंज आहे, लग्न आहे. जिच्याविषयी बोलावयाचे नाही, ती आत्या त्यांत नाही. तिचा फोटो असलाच तर ट्रंकेच्या तळाशी, कापडात गुंडाळून, उलटा ठेवलेला असतो.