हौस कोणाला परवडते?

महाविद्यालयीन खेळाडूस शिष्यवृत्तीपलीकडे पैसा द्यावा काय, या प्रश्नावर अमेरिकेत दीर्घकाळ वाद चालला. २०२१ मध्ये तेथील खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करण्याची मुभा मिळाली, आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने विद्यापीठांस थेट मोबदला देण्याची वाट खुली झाली. तेथील भांडण खेळातून येणाऱ्या अफाट उत्पन्नाच्या वाटणीचे होते. आमच्याकडे वाटावयास उत्पन्न नाही, म्हणून प्रश्नही नाही, असे मानणे ही मात्र आत्मवंचना होय.

१९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीस पाठविण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या त्यागापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु एका शिक्षकाचे घर गहाण पडावे, ही काही क्रीडाव्यवस्था नव्हे. धाराशिव जिल्ह्याच्या सारिका काळे यांनी २०१६ मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिला खो-खो संघाचे नेतृत्व करून सुवर्णपदक आणले. दिवसातून एकदाच जेवण, अशी दहा वर्षे काढल्याचे त्यांनीच पुढे सांगितले.

‘हौशी’ हा शब्द सुंदर खरा. पण हौस भरल्या पोटीच परवडते. लोहाऱ्यातील शेतमजुराची मुलगी सकाळ-संध्याकाळ मैदानावर घालविते, तेव्हा घरातील एक रोज बुडतो. ती जिंकली तर ढाल विद्यापीठाच्या कपाटात जाते. गुडघा दुखावला तर औषधाचे बिल बापाच्या माथी येते.

पैशाने खेळाडू भाडोत्री होतील व महाविद्यालये त्यांचा लिलाव मांडतील, हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. म्हणूनच महाविद्यालयांनी बोली लावू नये. विद्यापीठाने आपल्या संघात निवडलेल्या प्रत्येकास, खेळ कोणताही असो, समान मासिक मानधन, पुरेसा आहारभत्ता व दुखापतीचा विमा द्यावा. विद्यार्थ्यांकडून क्रीडाशुल्क घेतले जातेच. त्यावर पहिला हक्क समारंभांचा नसून खेळाडूचा आहे.

हा उपकार नव्हे, केलेल्या श्रमाचे मोल आहे. ते देण्याची ज्यांची तयारी नाही, त्यांनी निदान विजयाच्या मिरवणुकीत पुढे चालू नये.