निवडक प्रामाणिकपणा

समुपदेशकांच्या प्रशिक्षणात लेखी परीक्षेऐवजी पोर्टफोलिओ मागण्याची प्रथा अमेरिकेत रुजली, तिचे गोडवे आम्ही पुष्कळ ऐकले. परीक्षा स्मरणशक्ती तपासते, पोर्टफोलिओ वाढ दाखवतो, असे म्हणतात. पहिले विधान बव्हंशी खरे. दुसऱ्याशी मात्र आमचे भांडण आहे.

तेथील 'केक्रेप' या अधिस्वीकृती मंडळाच्या मानकांनुसार विद्यार्थ्याने प्रॅक्टिकममध्ये किमान १०० आणि इंटर्नशिपमध्ये ६०० तास काम करायचे; पैकी ४० व २४० तास प्रत्यक्ष सल्लार्थींसोबत. यातून पोर्टफोलिओत येतात मोजकी ध्वनिमुद्रणे, एखादा अहवाल आणि 'आत्मचिंतन'. निवड बहुधा त्याचीच, ज्याला गुण हवेत! १९४२ साली कार्ल रॉजर्स यांनी आपल्या ग्रंथात एका सल्लार्थीच्या आठही भेटींचे ध्वनिमुद्रणावरून उतरवलेले शब्दशः संभाषण छापले होते. समुपदेशकाला सोयीची तेवढी भेट वेचून दाखवण्याची सवलत तिथे नव्हती.

आत्मचिंतनाला गुण दिले की विद्यार्थी कोणता दोष खपतो ते लवकर शिकतो. 'मी उपाय फार घाईने सुचवला' हा कबुलीजबाब सुरक्षित. 'त्या बाईंचे बोलणे ऐकताना मला कंटाळा आला' असे कोण लिहील? आणि मार्गदर्शकाला कळायला हवे ते नेमके हेच, कारण त्या बाई पुढच्या आठवड्यात त्याच खुर्चीत येऊन बसणार आहेत. (आपले रडणे कोणाच्या गुणांसाठी ऐकवले जाणार, हे त्यांना नीट सांगितले होते काय?)

ध्वनिमुद्रण मार्गदर्शकाने निवडावे, तेही पूर्वसूचना न देता. आत्मचिंतन जरूर वाचावे. त्याला गुण देऊ नयेत.