न्यायाधीश मतपेटीतून नको, बंद खोलीतूनही नको!

२८ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने, म्हणजे कॉलेजियमने, अ‍ॅड. आरती साठे यांच्या नावाची मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी शिफारस केली. २०२३ साली त्यांना भारतीय जनता पक्षाने महाराष्ट्राचे प्रवक्तेपद दिले होते. विरोधी पक्षांनी आक्षेप घेतला. जानेवारी २०२४ मध्येच त्यांनी राजीनामा दिला होता, असे उत्तर भाजपने दिले. ऑगस्टमध्ये नेमणूक झाली आणि चर्चा संपली.

पण आंबेडकरी कार्यकर्त्यांच्या मनातला प्रश्न संपला नाही. नांदेड-लातूरकडे आम्हाला तो वारंवार ऐकू येतो. पक्षाचीच माणसे न्यायासनावर बसणार असतील तर चोरीछुपे कशाला? सरळ निवडणूक घ्या, आम्हीही मत देऊ! हा संताप रास्त आहे. मात्र त्यातून सुचलेला उपाय आपल्याच मुळावर येणारा आहे, आणि तो का, हे समाजाने नीट समजून घेतले पाहिजे.

न्यायाधीशांच्या निवडणुका ही कल्पनेतली गोष्ट नाही. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात फौजदारी खटल्यांचे सर्वोच्च न्यायालय वेगळे आहे. त्याचे नऊ न्यायाधीश सहा-सहा वर्षांसाठी पक्षाच्या तिकिटावर निवडून येतात. फाशीच्या शिक्षेवरचे अपील ज्यांच्यापुढे जाते, ते प्रचार करून तिथे बसलेले असतात. डिसेंबर २०२१ मध्ये या न्यायालयाने निकाल दिला की, राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल निवडणूक गुन्ह्यांचे खटले स्वतःच्या मर्जीने चालवू शकत नाहीत. नऊपैकी आठ न्यायाधीश या निकालाच्या बाजूने होते. अ‍ॅटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांनी त्या न्यायाधीशांविरुद्ध मोहीम उघडली. मार्च २०२४ मध्ये पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत त्यांपैकी तिघी न्यायाधीश उभ्या होत्या. तिघीही पडल्या. न्यायाधीश त्याच पक्षाचे, पाडणाराही त्याच पक्षाचा. दोष एकच, सत्तेच्या हाताला कायद्याने आवर घातला!

आता हेच चित्र आपल्या मराठवाड्यात आणून पाहा. नांदेड आणि लातूरच्या सत्र न्यायालयांचे फौजदारी अपील उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) खंडपीठापुढे जाते. या खंडपीठाचे न्यायमूर्ती मतांवर निवडून येऊ लागले तर मते कोणाची? या दोन जिल्ह्यांत अनुसूचित जातींची लोकसंख्या पाचात एकाच्या आसपास आहे. म्हणजे उरलेल्या चौघांना दुखावून निकाल देणारा न्यायाधीश पुन्हा निवडून येणे कठीण. अ‍ॅट्रॉसिटीच्या खटल्यात फिर्यादी कोण आणि आरोपी कोण असतो, हे गावकुसाबाहेरच्या पोरालाही कळते.

कोणी म्हणेल, न्यायाधीशांच्या जागाही राखीव ठेवा. बांधवांनो, राखीव जागेचा अनुभव आपल्याला नवा आहे काय? लातूर लोकसभा मतदारसंघ २००९ पासून राखीव आहे. नांदेड जिल्ह्यात देगलूर आणि लातूर जिल्ह्यात उदगीर हे विधानसभा मतदारसंघ राखीव आहेत. तिथून येणारा माणूस आपल्यातला असतो, पण त्याला निवडून देणारी मते बहुसंख्य इतरांची असतात आणि तिकीट पक्षाचे असते. यात त्या माणसाचा दोष कमी आणि १९३२ च्या पुणे कराराचा जास्त. बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ का मागितले होते, ते अत्याचार झालेल्या गावात आपला आमदार किती दिवसांनी पोहोचतो, यावरून समजते. संयुक्त मतदारसंघातून आलेला आमदार गप्प बसला तर आपण दुसऱ्या दारावर जातो, न्यायालयाच्या. न्यायाधीशही त्याच मतदारसंघातून आला तर तिसरे दार कुठले?

मतांच्या भीतीचे सर्वांत जळजळीत उदाहरण तर आपल्याच मातीतले आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव मंजूर केला. त्यानंतर दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे शहीद झाले. सभागृहाने केलेला ठराव अमलात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला, आणि तोही नामांतर म्हणून नव्हे, नामविस्तार म्हणून! मधल्या काळात मुख्यमंत्री बदलले, पक्ष बदलले, भीती बदलली नाही. एका विद्यापीठाच्या पाटीसाठी ज्यांना मतांची इतकी धास्ती वाटली, त्याच मतांवर उभा असलेला न्यायाधीश बोंढार हवेलीसारख्या खटल्यात काय करेल? भीमजयंती साजरी केल्याच्या रागातून २०२३ साली तरुणाचा खून झाल्याचा आरोप असलेला हा खटला नांदेड शहराच्या वेशीवरचा आहे.

याउलट परभणी पाहा. १५ डिसेंबर २०२४ रोजी सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. पोलिसांनी मारहाण केली नाही, असे मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. सोमनाथच्या आईने खंडपीठात धाव घेतली, अ‍ॅड. प्रकाश आंबेडकर यांनी बाजू मांडली, आणि ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही ३० जुलैला हात हलवत परतले. हा आदेश देणाऱ्या न्यायमूर्तींना पुढच्या वर्षी सत्ताधारी पक्षाकडे तिकीट मागायला जायचे असते तर? उत्तर टेक्सासने दिलेलेच आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. १ जून २०२५ रोजी मेक्सिकोने न्यायाधीशांची देशव्यापी निवडणूक घेतली आणि त्यातून मूलनिवासी मिश्तेक समाजाचे वकील उगो आगिलार सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष झाले. वंचितातला माणूस शिखरावर गेला, याचा आनंद आम्हालाही आहे. पण त्या निवडणुकीत मतदान झाले जेमतेम तेरा टक्के, आणि कोणाला मत द्यायचे याच्या छापील चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. त्या चिठ्ठ्यांवरची नावेच सर्वोच्च न्यायालयात निवडून आली. चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या मर्जीवर मिळालेले न्यायासन चिठ्ठी बदलली की जाते.

मग कॉलेजियम आपले आहे काय? मुळीच नाही! २०१८ पासून मार्च २०२५ पर्यंत देशात उच्च न्यायालयांचे ७१५ न्यायाधीश नेमले गेले. त्यांत अनुसूचित जातींचे २२, अनुसूचित जमातींचे १६ आणि इतर मागासवर्गीय ८९, असे केंद्रीय कायदा मंत्रालयाने संसदेत सांगितले. शंभरात तीन! २००६ च्या खैरलांजीत सत्र न्यायालयाला फाशीइतके क्रौर्य दिसले, पण जात दिसली नाही. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची शिक्षा दिली, अ‍ॅट्रॉसिटीचे कलम त्यांनाही लागू वाटले नाही. ते न्यायाधीश कोणाच्या मतांवर आले नव्हते. ते ज्या सामाजिक वर्तुळातून येतात, त्या वर्तुळात खैरलांजी नसते.

बाबासाहेबांनी दोन्ही धोके ओळखले होते. २४ मे १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी सांगितले की, नेमणुकीला अमेरिकेप्रमाणे विधिमंडळाची मंजुरी लावली तर त्यात राजकारण शिरेल, आणि सरन्यायाधीशांच्या हाती नकाराधिकार द्यावा तर तेही माणूसच आहेत, त्यांनाही पूर्वग्रह असतात. म्हणून संविधानात सल्लामसलतीचा मधला मार्ग आला. १९९३ च्या निकालाने न्यायालयाने त्या सल्ल्याचीच सत्ता केली. २०१४ मध्ये संसदेने न्यायिक नियुक्ती आयोग आणला, तो १६ ऑक्टोबर २०१५ रोजी चार विरुद्ध एक मताने रद्द झाला. तेव्हापासून बंद खोली तशीच आहे. फक्त खोलीत कोण बसते ते बदलते.

इथे आपल्यालाही एक कडू घोट घ्यावा लागेल. साठे यांची शिफारस झाली तेव्हा सरन्यायाधीश होते न्या. भूषण गवई, या देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश, रिपब्लिकन नेते दादासाहेब गवई यांचे चिरंजीव. त्यांच्या शपथविधीला गावोगावी पेढे वाटले गेले, ते योग्यच होते. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या व्हिक्टोरिया गौरी यांच्या नेमणुकीला आव्हान मिळाले, तेव्हा आपल्यालाही राजकीय पार्श्वभूमी आहे आणि ती कामाच्या आड आली नाही, असे त्यांनी सांगितले होते. त्याच वर्षी राहुल गांधींच्या प्रकरणात आपल्या घराण्याचा काँग्रेसशी असलेला संबंध त्यांनी आधीच उघड केला. हे वागणे सरळ आहे. पण एका न्यायाधीशाचा सरळपणा हा व्यवस्थेचा नियम होऊ शकत नाही. आपला माणूस खुर्चीवर होता म्हणून खोली उघडली नाही, हे सत्य आपण टाळू नये. साठे यांच्या शिफारशीच्या निवेदनात नाव होते, कारण नव्हते.

राजकीय भूतकाळ हा गुन्हा नव्हे. केरळच्या १९५७ च्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळातले कृष्ण अय्यर पुढे गरिबांचे न्यायमूर्ती झाले. आणि राज्यसभेतून गुवाहाटीच्या उच्च न्यायालयात गेलेले बहरुल इस्लाम १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा राजीनामा देऊन काँग्रेसच्या तिकिटावर उभे राहिले. दोन्ही उदाहरणे याच देशातली. म्हणून नियम हवा, आणि तो सर्वांना सारखा हवा. उमेदवाराने पक्षातली पदे जाहीर करावीत. पक्षाचे पद सोडल्यापासून न्यायासनापर्यंत काही वर्षांचे अंतर सक्तीचे असावे. निवृत्तीनंतर राज्यसभा आणि राज्यपालपदासाठीही तसेच अंतर असावे. शिफारशीमागची कारणे छापून यावीत. अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींचा वाटा मेहरबानी म्हणून नव्हे, हक्क म्हणून लिहिला जावा.

निकाल चुकला तर काय, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर आपण स्वतः दिले आहे. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅट्रॉसिटी कायदा बोथट केला. २ एप्रिलला आपण भारत बंद केला. त्याच ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ घातले, आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने आपले निर्देश मागे घेतले. एकाही न्यायाधीशाला पाडावे लागले नाही. लोकांचा दाब कायदा करणाऱ्यांवर असावा, न्याय देणाऱ्याच्या मानेवर नसावा, हाच तो फरक.

आणि ज्या नेमणुकीत आपल्याला आज बोलता येते, तिथे आपण बोलतो का? विशेष सरकारी वकील राज्य सरकार नेमते, आणि खटला उभा राहतो की पडतो ते बरेचसे त्याच्यावर ठरते. १९९५ च्या अ‍ॅट्रॉसिटी नियमांतील नियम ४(५) नुसार पीडितांच्या इच्छेप्रमाणे नामांकित वकील देता येतो, तो अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा असतो. कलम १५-अ ने पीडिताला जामिनापासून शिक्षेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर म्हणणे मांडण्याचा हक्क दिला आहे. नांदेड आणि लातूरच्या प्रत्येक तालुक्यात हे दोन अर्ज लिहून देणारा एक तरी कार्यकर्ता तयार करा. मोर्चा एका दिवसाचा असतो, खटला अनेक वर्षांचा. तारखेला हजर राहणारा समाजच न्यायालयाला समाजाचे अस्तित्व दाखवून देतो.

जयभीम!